परत चुका

"शालन, थांब. थांब आधी!" इक्बाल ओरडला, तसा मी ब्रेक दाबला आणि ओम्नीच्या टपावर वाकळेत गुंडाळून बांधलेला डबल बास धाडकन पुढं सरकला.

पिंपळहोळ गावाच्या कमानीला फलक लावला होता. फोटो आमचाच होता. डावीकडे मी, गळ्यात सॅक्सोफोन, डोळे मिटलेले. मधे ॲल्विन, आपल्याहून उंच असलेल्या त्या बासच्या खांद्यावर मान टेकवून उभा. उजवीकडे इक्बाल, ड्रमच्या पसाऱ्यामागे दात काढून हसणारा. तिघांची नावं बरोबर होती. बँडचं नाव 'बिनचाल', तेही बरोबर. त्याच्या खाली मात्र हातभर उंचीच्या लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'झांज पथक'. आणि कोपऱ्यात पिवळ्या चांदणीत, 'फ्री'.

इक्बाल खाली उतरला, फलकासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि हसत सुटला. हसता हसता रस्त्यावरच बसला. मलाही हसू आलं. ॲल्विन उतरला नाही. मागच्या सीटवरून त्यानं फक्त मान वाकवून फलक वाचला आणि पुन्हा खिडकीबाहेर उसाकडे बघत बसला.

हसू आवरलं ते त्याच्या त्या बघण्यानं.

आम्ही दौऱ्यावर निघून नऊ दिवस झाले होते. स्वतः छापलेल्या पत्रिका, स्वतः वाजवून भरलेल्या सीडींचे दोन खोके, आणि गावोगावच्या वाचनालयांना, नाट्यमंडळांना लिहिलेली पत्रं, एवढ्यावर निघालो होतो. बार्शीला सात माणसं आली, त्यातली तीन मंडपवाल्याची. सोलापुरात अकरा होती, ती मध्यंतरानंतर चार उरली. साताऱ्यात आम्ही वीस मिनिटं जीव तोडून वाजवल्यावर पहिल्या रांगेतले एक आजोबा अदबीनं उठले आणि म्हणाले, "जुळवून झालं असेल तर सुरू करा आता." त्याच संध्याकाळी ॲल्विननं सांगितलं की, त्याला एका प्रवासी जहाजावर वाजवायचं काम मिळतंय. तीन वर्षांचा करार. रविवारी पाचपर्यंत फोनवर होकार कळवायचा आहे, आणि तो कळवणार आहे.

आज रविवार होता. सकाळचे दहा.

ॲल्विन गेला तर बिनचाल संपलं, हे तिघांनाही ठाऊक होतं. आमच्या संगीतात ठरलेली चाल नसते, ताल आधी बांधलेला नसतो. एकानं एक सूर टाकायचा, दुसऱ्यानं तो ऐकून उचलायचा, तिसऱ्यानं त्याला वाट काढून द्यायची. असं वाजवणारा दुसरा बासवाला मिळाला असता कदाचित. पण माझ्या श्वासाआधी माझा सूर ओळखणारा मिळाला नसता. वसईच्या त्या लोपीसांच्या पोरात आणि मिरजेच्या वरातीच्या बँडमध्ये वाढलेल्या माझ्यात सहा वर्षांत जे काही जुळलं होतं, ते पुन्हा पहिल्यापासून विणायला मला आयुष्य पुरलं नसतं.

एवढ्यात समोरून एक एम-एटी फटफटत आली. तिच्यावर धोतर, कोट आणि टोपी अशा पूर्ण पोशाखात नेमगोंडा मास्तर. गावच्या वाचनालयाचे ते सर्वेसर्वा. आम्हाला पत्रानं उत्तर देणारे आख्ख्या जिल्ह्यातले ते एकटेच.

"बघितलासा?" गाडी स्टँडवर लावायच्या आतच त्यांनी कपाळाला हात लावला. "माझी चूक न्हाई हो. मी फलकवाल्याला फोनवर दोनदा सांगितलं, फ्री जॅझ. तो म्हणतो, 'मास्तर, कवळी बसवा, झांज म्हणा की नीट!' मग मी तुमचा फोटो धाडला. तर त्यात ह्यांच्या ड्रमवर दोन पितळी झांजा दिसल्या. त्याची खात्रीच पटली."

इक्बाल पुन्हा खाली बसायच्या बेतात होता. मी त्याला दंडाला धरलं.

"असू द्या मास्तर. लोक आलेत ना?"

"आलेत म्हंजे? चारशे माणूस बसलंय शाळेच्या पटांगणात." मास्तरांनी टोपी काढून पुन्हा घातली. "अडचण तीच हाय. आमच्या गावात भैरवनाथ झांज पथक हाय. चाळीस वर्षांचं. त्यांचा म्होरक्या यल्लाप्पा सुतार. तो सकाळी माझ्या दारात येऊन उभारला. म्हणाला, 'वाचनालयाला पंचवीस वर्षं झाली म्हणून भायेरचं पथक आणलंसा, आमी काय मेलो हुतो?' आता आख्खं पथक घेऊन तिथं बसलाय. बावीस जोड झांजा आणि सहा ढोल. सामना करायचा म्हणतोय." त्यांनी आवाज उतरवला. "तुमी म्हणत असाल तर सांगतो मी, पाव्हण्यांची तब्येत बिघडली म्हणून."

"तेच सांगा," गाडीतून ॲल्विन म्हणाला. "खरंच सांगतोय. परत फिरू या, शालन. सात माणसांसमोर पडलो ते ठीक. चारशे माणसांसमोर कशाला पडायचं?"

"तुझा फोन पाचला आहे," मी म्हटलं. "आता दहा वाजलेत. तोपर्यंत तू बिनचालचा आहेस. शाळेत चल आणि बास काढ."

शाळेपाशी गाडी थांबली तेव्हा त्यानं दार सरकवलं. मग उतरला.

पटांगणात पाय ठेवला. लिंबाच्या सावलीत बाया, वर्गांच्या पायऱ्यांवर म्हातारी माणसं, कुंपणाच्या भिंतीवर पोरांची रांग. उजव्या अंगाला भगवे फेटे बांधलेले बावीस गडी मांडी घालून बसलेले, पुढ्यात पालथ्या ठेवलेल्या झांजा उन्हात अशा लखलखत होत्या की तिकडं बघवत नव्हतं. त्यांच्या पुढं एक उंच, सुकलेला, पन्नाशीचा माणूस उभा होता. गळ्यात काळ्या गोफात ओवलेली पितळी शिट्टी.

आम्ही सामान लावेपर्यंत तो गप्प होता. वाकळेतून बास निघाला तेव्हा बायांत कुजबूज झाली. "आगं बया, केवढी सारंगी!" "मानूस निजंल की तिच्यात." इक्बालनं ड्रम मांडले, दांडीवर झांज चढवली. तेव्हा मात्र यल्लाप्पा पुढं आला.

"काय वं पाव्हणं, झांजा कुठायत तुमच्या?"

इक्बालनं नम्रपणे बोट दाखवलं. "ह्या. दोन."

"जोड कुठाय?"

"एकेकटीच असते."

"खुंट्याला टांगलीया? हातात धरत न्हाई?"

"नाही. काठीनं मारतो."

यल्लाप्पा आपल्या गड्यांकडे वळला. "ऐकलंसा? बिचारीला टांगून काठीनं मारत्यात."

आख्खं पटांगण हसलं. इक्बालही हसला, तो तसाच आहे. मी सॅक्सोफोनची पट्टी ओठानं ओली केली. ॲल्विननं बासला गज लावला. मास्तरांनी भाषण करायला तोंड उघडलं होतं, पण मी थांबले नाही. डोळे मिटले आणि पहिला सूर सोडला.

तो सूर कसा होता हे मला आजही आठवतं. पहाटे विहिरीत घागर सोडावी आणि ती पाण्याला लागायच्या आधी हवेत जरा डुलावी, तसा. ॲल्विननं तो खालून झेलला. इक्बालनं तारांच्या ब्रशनं ड्रमवर वाळलेली पानं लोटल्यासारखा आवाज केला. आम्ही चांगलं वाजवत होतो. खरंच चांगलं वाजवत होतो. पण मिटल्या डोळ्यांआडूनही पटांगण मला ऐकू येत होतं.

"ही कसली सनई म्हणायची?"

"वाकडी हाय ती. म्हणून सूर वाकडा."

"गानं कवा सुरू हुणार?"

मग कपडे झटकल्याचे आवाज, चपला शोधल्याचे आवाज. लोक उठत होते. बार्शी, सोलापूर, सातारा, सगळीकडचा तोच आवाज. मी डोळे अधिकच घट्ट मिटले आणि अधिकच जोरानं फुंकू लागले.

आणि शिट्टी वाजली.

पुढच्या क्षणाला सहा ढोल आणि बावीस जोड झांजा एकदम उठल्या. तो आवाज कानांनी ऐकायचा नव्हताच. तो पायातून वर चढत होता, दातांत भरत होता. गारांचा पाऊस पत्र्यावर पडावा आणि त्या गाराही पितळेच्या असाव्यात. त्यात माझा सूर कुठं गेला ते मलाच कळेना. बासचा आवाज थांबला. ॲल्विननं गज खाली ठेवला होता, हे मला न बघता कळलं. इक्बाल तेवढा कडेकडेनं काहीतरी शिवत राहिला. मला रडू येत होतं आणि रागही. बुडवायचंच असेल तर बुडवा, पण मी थांबणार नाही, असं म्हणत मी एकच सूर धरून ठेवला. छाती फुटेपर्यंत.

पुन्हा शिट्टी वाजली. झांजा जरा दबल्या, पण मी डोळे उघडले नाहीत. जरा वेळानं तिसऱ्यांदा, लांबलचक, आणि सगळ्या झांजा, सगळे ढोल, एका फटक्यात बंद.

त्या शांततेत माझा एकटीचा सूर उरला. उघडा, थरथरता. मी दचकून डोळे उघडले.

यल्लाप्पा माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. चेहऱ्यावर घाम, भुवया वर चढलेल्या.

"आवो ताई," तो म्हणाला, "डोळं का मिटतासा?"

मी सॅक्सोफोन तोंडातून काढला.

"तीनदा शिट्टी मारली की वो. तुमचा सूर आत आला, म्हटलं ह्येला जागा करून द्यावी. म्हणून पोरांस्नी दाबायला सांगितलं. तुमी बघितलंच न्हाई. मग म्हटलं समदंच बंद करू, तवा तरी कळंल. वाजिवताना एकमेकाच्या त्वांडाकडं बघाय नको?"

म्हणजे तो आम्हाला बुडवत नव्हता. माझ्यासाठी जागा करत होता.

मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, ॲल्विनलासुद्धा नाही. बारा वर्षांची असताना बाबांनी मला पहिल्यांदा वरातीत उभं केलं होतं. बँडच्या लाल कोटात, मोठ्या माणसांच्या मधे. वरातीतली पोरं बघायची, बोलायची, अंगावर नोटा ओवाळायची. मी कावरीबावरी झाले तेव्हा बाबा कानाशी वाकून म्हणाले, "डोळे मिट आणि वाजव, बाळ. तुला कुणी दिसलं नाही की तिथं कुणी नाहीच." त्यांनी मला वाचवलं होतं. पण त्यानंतर वीस वर्षं मी ज्या ज्या ठिकाणी वाजवलं, तिथं कुणी नव्हतंच. आणि आम्ही म्हणत होतो, आम्हाला श्रोते मिळत नाहीत.

"सवय आहे," मी कसंबसं म्हटलं.

"मोडा," यल्लाप्पा म्हणाला, आणि दोन पावलं मागं सरून त्यानं शिट्टी तोंडात धरली. "हं. माझ्याकडं बघा. सुरू करा."

मी सुरू केलं. या वेळी डोळे उघडे ठेवून. आणि बघताना मला पहिल्यांदा दिसलं की, यल्लाप्पाचे खांदे माझ्या श्वासाबरोबर वर जात होते. तो माझा सूर संपायच्या आधीच ओळखत होता. त्यानं डावा हात जरासा खाली केला; बावीस जोड झांजा नुसत्या कडांनी कुजबुजल्या, जोंधळ्याच्या रानातून वारा जावा तशा. उजवा हात उचलला, ढोल आले. मागं वळून बघायचं धैर्य मला होत नव्हतं, पण ढोलांच्या खाली आणखी एक आवाज सुरू झाला होता, खोल, लाकडाचा, ओळखीचा. ॲल्विन. त्यानं गज टाकून दिला होता आणि बोटांनी तारा उपटत होता, ढोलांना बरोबरीनं जवाब देत.

चपला शोधणारे लोक उभ्या उभ्या थांबले. मग बसले.

पथकाच्या तालाचं आठ मात्रांचं चाक फिरत होतं, फिरत होतं, गडी फेर धरून पाय टाकत होते, फेट्यांची शेपटं उडत होती. आणि माझ्या आत जे सहा वर्षं मुरलं होतं ते उफाळून आलं. मी चाकातून बाहेर उडी मारली. आठव्या मात्रेवर यायचं ते आलेच नाही. साडेनऊवर आले, भलत्याच सुरावर, किंचाळत. इक्बालनं तीच जागा हेरली आणि आपली टांगलेली झांज दणकावली. सगळ्या गड्यांचे पाय एकमेकांत अडकले. एकाची झांज दुसऱ्याच्या फेट्याला लागली. फेर मोडला. सगळं थांबलं.

पटांगणात चिडीचूप. भिंतीवरची पोरंसुद्धा गप्प.

"चुकली व्हय?" यल्लाप्पानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "मुद्दाम."

"मुद्दाम?"

"आमच्यात असंच असतं. वाट सोडायची. मग परत यायचं, कुठून ते ठरलेलं नसतं."

त्यानं शिट्टी तोंडातून काढली. डोकं खाजवलं. मग त्याच्या सुकलेल्या चेहऱ्यावर एका कडेनं हसू पसरत गेलं, नांगराच्या तासात पाणी शिरावं तसं.

"परत चुका," तो म्हणाला.

"काय?"

"परत चुका म्हणतोय. ह्या बारीला आमी पडत न्हाई."

आम्ही परत चुकलो. या वेळी अर्धे गडी पडले, अर्धे तग धरून राहिले, आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. तिसऱ्या वेळी पथकातला एक काळा, ठेंगणा गडी माझ्याबरोबर साडेनऊवर आला, आणि आपण आलो हे कळल्यावर इतका मोठ्यानं ओरडला की ढोलवाला दचकला. मग पायऱ्यांवरून, लिंबाखालून, भिंतीवरून एकच गजर सुरू झाला, "परत चुका! परत चुका!" चारशे माणसं आम्हाला चुकायला सांगत होती. सहा वर्षांत आम्ही ज्या वाटेनं एकटे चाललो होतो, तिच्यावर एवढी माणसं एकदम आली होती आणि कुणाला ती आडवाट वाटत नव्हती.

मग यल्लाप्पानं गळ्यातला गोफ काढला. पथक एकदम शांत झालं. मास्तर, जे इतका वेळ टोपी हातात घेऊन ताल धरत होते, तेही थबकले. नंतर त्यांनी मला सांगितलं की, ती शिट्टी यल्लाप्पाच्या चुलत्याची. चुलत्याच्या पश्चात बावीस वर्षं ती दुसऱ्या कुणाच्या हातात गेली नव्हती. त्याच्या सख्ख्या भावानं एकदा मागितली तर वर्षभर दोघांचं बोलणं बंद होतं.

"घ्या," तो म्हणाला. "आता पथक तुमचं. वाटंल तिकडं न्ह्या."

"अहो, माझ्या तोंडात हे आहे," मी सॅक्सोफोन दाखवला. "दोन्ही एकदम कसं फुंकू?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. यल्लाप्पा विचारात पडला. मग त्यानं गोफ माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाला, "मग डोळ्यानं सांगा. आता उघडं हायेत न्हवं?"

पुढचा अर्धा तास मी डोळ्यांनी पथक हाकलं. भुवई उचलली की ढोल, मान तिरकी केली की नुसत्या कडा, आणि एकदा, अगदी सगळं शिगेला पोचलं असताना, मी ॲल्विनकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. पथक थांबलं, इक्बाल थांबला, मी थांबले. ॲल्विन एकटा वाजवू लागला. चारशे माणसांच्या मधोमध, उन्हात, त्या मोठ्या सारंगीवर. सावकाश. त्याची नजर तारांवर नव्हती. तो समोर बसलेल्या एका म्हातारीकडे बघत होता, आणि ती डोलत होती, जणू आयुष्यभर तिनं हेच ऐकलं होतं. त्यानं शेवटची तार सोडली आणि तिचा आवाज विरेपर्यंत कुणी खोकलंही नाही.

आज याला चौदा वर्षं झाली. पुढं आम्ही मोठ्या शहरांत वाजवलं, परदेशात वाजवलं. पण तसली शांतता पुन्हा कुणी दिली नाही.

दुपारी मास्तरांच्या घरी पुढच्या सोप्यात पंगत बसली. जोंधळ्याची भाकरी, झुणका, ताक. पथकातले गडी इक्बालच्या दोन झांजा आळीपाळीनं हातात घेऊन वाजवून बघत होते, आणि इक्बाल त्यांच्याकडून पाय टाकायला शिकताना दोनदा पाटावर आपटला. आमच्या सीडींचा एक खोका रिकामा झाला होता. ज्यांच्या घरी लावायला यंत्र नव्हतं, त्यांनीही नेल्या होत्या. ॲल्विन भिंतीला टेकून बसला होता. उजव्या हाताची दोन बोटं सोलून निघाली होती. फोन त्याच्या मांडीशी पडला होता. चार वाजून गेले होते. मी त्या फोनकडे न बघायचा प्रयत्न करत होते.

यल्लाप्पा ताकाचा तांब्या घेऊन त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"सारंगीवालं पाव्हणं, नाव काय म्हणलासा?"

"ॲल्विन."

"आलवीन." त्यानं ते नाव तोंडात घोळवून बघितलं. "तुमी बोलत न्हाईसा फार."

"नाही."

"बरं. पुढल्या ऐतवारी कागलाला झांजांची स्पर्धा हाय. अठरा पथकं येत्यात. दरसाल आमचा दुसरा नंबर येतो, कारन आमी कवा चुकतच न्हाई." तो थांबला. "म्हटलं, औंदा जरा चुकून बघावं. तुमी तिघं असाल तर."

मी ॲल्विनकडे पाहिलं. इक्बाल पाटावर होता तसाच राहिला. ॲल्विननं आपली सोललेली बोटं ताकाच्या गार तांब्याला लावली, जरा वेळ तशीच धरली. फोन उचलला, त्यातली वेळ बघितली आणि बटण दाबून तो बंद केला.

"कागलला," तो यल्लाप्पाला म्हणाला, "किती वाजता पोचायला लागेल?"